संगणकाचे तापमान : आकडे कसे वाचावेत आणि काळजी केव्हा करावी

संगणक तापतो आहे अशी शंका आली की बहुतेक जण तापमान दाखवणारा एखादा प्रोग्राम बसवतात, आणि पडद्यावर एकदम वीस-पंचवीस आकड्यांची यादी आली की मूळ शंकेपेक्षा मोठी धास्ती घेतात. त्या यादीत एखादा सेन्सर ११८ अंश दाखवत असतो, एखादा शून्याच्या खाली गेलेला असतो, एखादा सकाळपासून २७.८ वरून हललेला नसतो, आणि प्रोसेसरचा आकडा तर क्षणाक्षणाला उड्या मारत असतो. यांतले काही आकडे खरे आणि महत्त्वाचे असतात, काही खरे असूनही निरुपद्रवी असतात, आणि काहींना मुळात काही अर्थच नसतो. चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवून धडधाकट मदरबोर्ड बदलणारी माणसे मी पाहिली आहेत, तशीच खऱ्या आकड्याकडे काणाडोळा करून लॅपटॉप वर्षानुवर्षे निम्म्या वेगाने चालवणारीही पाहिली आहेत. दोन्ही नुकसाने टाळता येण्यासारखी आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. (लेखातले सर्व अंश सेल्सियसमधले आहेत. आपला प्रोग्राम फॅरनहाइट दाखवत नाही ना, हे सर्वांत आधी पाहून घ्यावे.)

आकडा कोणाचा आहे

तापमान किती आहे हे विचारण्याआधी ते कोणाचे आहे हे विचारायला हवे. संगणकात तापमान मोजणारी एकच यंत्रणा नसते. प्रोसेसरच्या सिलिकॉनमध्येच काही सेन्सर असतात; मदरबोर्डवर पंखे आणि विद्युतदाब यांच्यावर देखरेख ठेवणारी एक वेगळी चिप असते; आणि ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क, एसएसडी हे आपापले तापमान स्वतःच सांगतात. प्रोग्राम या सगळ्यांचे म्हणणे एकाच यादीत मांडतो, पण त्यांची विश्वासार्हता सारखी नसते.

प्रोसेसरच्या आतला आकडा सर्वांत महत्त्वाचा, म्हणून तो कसा तयार होतो हे समजून घेऊ. इंटेलच्या प्रोसेसरमधला डिजिटल सेन्सर "मी ६२ अंशांवर आहे" असे थेट सांगत नाही. "कमाल मर्यादेला अजून ३८ अंश बाकी आहेत" असे सांगतो. ती कमाल मर्यादा, म्हणजे टीजेमॅक्स, बऱ्याच प्रोसेसरमध्ये १०० अंश असते, आणि प्रोग्राम १०० मधून ३८ वजा करून आपल्याला ६२ दाखवतो. याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे, प्रोग्रामने मर्यादा चुकीची धरली तर सगळे आकडे तेवढ्याच अंशांनी सरकतात. इंटेलच्या जुन्या कोअर २ प्रोसेसरच्या काळात मर्यादा कोणी ८५ धरत असे, कोणी १००, आणि त्यामुळे दोन प्रोग्राम एकाच प्रोसेसरचे तापमान १५ अंशांच्या फरकाने दाखवत असत. दुसरा परिणाम असा की, हा सेन्सर मर्यादेच्या जवळ अचूक राहावा अशाच बेताने बनवलेला असतो, कारण त्याचे खरे काम प्रोसेसरला वाचवण्याचे आहे. मर्यादेपासून दूर, थंड अवस्थेत त्याची अचूकता कमी होते. त्यामुळे काम नसताना प्रोसेसरचा एक कोअर (गणना करणारा स्वतंत्र भाग) २९ आणि शेजारचा ३६ दाखवत असेल, तर त्यात चिंता करण्यासारखे काही नाही.

एएमडीच्या काही प्रोसेसरमध्ये वेगळीच गुंतागुंत आहे. २०१७ मध्ये आलेले रायझन ७ १८०० एक्स आणि १७०० एक्स हे प्रोसेसर मुद्दाम २० अंश वाढवलेला आकडा बाहेर देत. २०१८ च्या २७०० एक्समध्ये ही वाढ १० अंशांची होती. वेगवेगळ्या मॉडेलांचे पंखे एकाच धोरणाने फिरावेत एवढाच त्यामागचा हेतू होता. पंख्यांसाठीच्या या आकड्याला टीसीटीएल म्हणतात आणि सिलिकॉनच्या खऱ्या तापमानाला टीडाय. यादीत दोन्ही दिसत असतील तर टीडाय पाहावा. फक्त टीसीटीएल दिसत असेल आणि प्रोसेसर वर सांगितलेल्यांपैकी असेल, तर तेवढे अंश मनातल्या मनात वजा करावेत.

सर्वांत जास्त गोंधळ मदरबोर्डवरच्या देखरेख-चिपमुळे होतो. नुव्होटॉन किंवा आयटीई यांसारख्या कंपन्यांच्या या चिपला तापमानाचे अनेक इनपुट असतात; मदरबोर्ड बनवणारा त्यांतले दोन-तीन वापरतो आणि उरलेल्यांना काहीच जोडत नाही. बिचारा प्रोग्राम मात्र सगळे इनपुट वाचतो. न जोडलेल्या इनपुटवर जे काही विद्युतदाब तरंगत असेल त्याचेच तापमानात रूपांतर होते, आणि "ऑक्स", "टेंप ३" अशा नावांपुढे अशक्य आकडे दिसू लागतात. १२७ किंवा उणे १२८ हा आकडा दिसला तर तो ओळखीचाच समजावा : आठ बिटांच्या चिन्हांकित संख्येची, म्हणजे आठ बिटांत लिहिता येणाऱ्या धन-ऋण संख्यांची, ती दोन टोके आहेत. मोजता येण्यासारखे काहीच नाही, एवढेच तो आकडा सांगत असतो.

न हलणाऱ्या २७.८ चे मूळ बहुधा एसीपीआयच्या (मदरबोर्ड आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यातल्या संवादाच्या ठरलेल्या पद्धतीच्या) थर्मल झोनमध्ये असते. हे तापमान बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारा मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम, केल्विनच्या दहाव्या भागात कळवतो, आणि अनेक मदरबोर्डांवर तिथे कोणताही सेन्सर नसून एक ठरावीक संख्या लिहून ठेवलेली असते. ती संख्या ३०१० असेल तर तिच्यातून २७३२ (शून्य अंश सेल्सियस म्हणजे सुमारे २७३.२ केल्विन) वजा करून दहाने भागा, २७.८ येतात. तो आकडा उद्याही तोच असेल.

खरा-खोटा सेन्सर ओळखण्याची चाचणी

नावांवर विसंबून राहण्यापेक्षा सेन्सरची परीक्षा घेणे केव्हाही चांगले. त्यासाठी एक साधा खोलीतला तापमापक, कागद-पेन आणि अर्धा-पाऊण तास पुरतो.

संगणक रात्रभर बंद ठेवावा. सकाळी खोलीचे तापमान टिपून घ्यावे, संगणक सुरू करावा आणि लगेच सगळे आकडे लिहून काढावेत. प्रोसेसर काही सेकंदांतच तापतो, त्यामुळे त्याचा आकडा या घडीला बाजूला ठेवावा; पण मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क यांचे आकडे खोलीच्या तापमानाच्या जवळपास, त्याच्या किंचित वर असायला हवेत. पंखा किंवा पाणी यांनी थंड होणारी कोणतीही वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोली २८ अंशांवर असताना एखादा सेन्सर २१ दाखवत असेल, तर तो चुकतो आहे हे तिथेच सिद्ध झाले. थंड संगणकात ८० किंवा ११८ दाखवणाऱ्या सेन्सरचेही तेच.

त्यानंतर प्रोसेसरला पूर्ण काम द्यावे. मोठ्या व्हिडिओचे रूपांतर चालेल किंवा एखादा चाचणी-प्रोग्राम चालेल. दर पाच मिनिटांनी आकडे लिहावेत. माझ्या एका जुन्या डेस्कटॉपवर केलेल्या या नोंदी अजून डोळ्यांसमोर आहेत. काम सुरू होताच प्रोसेसर ३८ वरून एका दमात ६१ वर गेला आणि मग वीस मिनिटांत हळूहळू ७२ पर्यंत चढला. मदरबोर्डचा सेन्सर त्या वेळात ३३ वरून ३९ वर आला. हार्ड डिस्क दोन अंशांनी वाढली, तीही कॅबिनेटमधली हवा तापल्यामुळे. आणि ज्या आकड्याने मला आठवडाभर झोप लागू दिली नव्हती, तो "ऑक्स" समोरचा ११८, पूर्ण वेळ ११७ ते ११९ च्या मध्ये घुटमळत राहिला. काम थांबवले तेव्हा प्रोसेसर दोन सेकंदांत पन्नाशीत उतरला. ११८ तसाच होता. ज्या आकड्याला काम सुरू झाल्याचे किंवा थांबल्याचे कळत नाही, तो कोणाचेही तापमान नसतो. प्रोग्राममध्ये तो लपवण्याची सोय असते. ती वापरावी आणि त्याचा विचार सोडून द्यावा.

याच नोंदींत प्रोसेसरच्या उड्यांचाही खुलासा आहे. उष्णता निर्माण होते ती नखाएवढ्या सिलिकॉनमध्ये, आणि तिला सामावून घेणारा हीटसिंकचा, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेल्या पात्यांच्या ठोकळ्याचा, धातू त्याच्या कित्येक पट जड असतो. म्हणून एखादे पान उघडताना प्रोसेसर एका सेकंदात वीस अंश वर जाऊन परत खाली येतो, आणि हीटसिंकला त्याचा पत्ताही लागत नाही. अशा क्षणिक उंचीची काळजी करू नये. महत्त्वाचा असतो तो दहा-पंधरा मिनिटे सलग काम झाल्यावर स्थिरावलेला आकडा.

चाचणी करताना तापमान वाचणारा एकच प्रोग्राम चालू ठेवावा. दोन प्रोग्राम एकाच चिपशी एकाच वेळी बोलू लागले की एकाचा प्रश्न आणि दुसऱ्याचे उत्तर यांची सरमिसळ होते, आणि मधूनच एखादा खोटा उंच आकडा नोंदला जातो. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो किंवा लिब्रे हार्डवेअर मॉनिटर पुरेसे आहे. विंडोजचा टास्क मॅनेजर ग्राफिक्स कार्डाचे तापमान दाखवतो, प्रोसेसरचे दाखवत नाही. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स हे साधन आहे. तिथे कर्नलच्या फायली थेट वाचणाऱ्याला ४५००० असा आकडा दिसला तर दचकायचे कारण नाही, कारण तो सहस्रांश अंशांत असतो, म्हणजेच ४५. बायोसच्या पडद्यावरचे तापमान मात्र तुलनेला घेऊ नये. तिथे प्रोसेसर विश्रांतीच्या अवस्थेत जात नाही, त्यामुळे काहीही न करता तो विंडोज किंवा लिनक्सपेक्षा जास्त तापलेला दिसतो.

किती म्हणजे जास्त

एकच मर्यादा सगळ्यांना लावणे ही दुसरी मोठी चूक. जुन्या अनुभवावरून अनेकांच्या मनात ७० अंश हा आकडा घट्ट बसला आहे. आजच्या प्रोसेसरांच्या बाबतीत तो लागू होत नाही. रायझन ७००० मालिकेतले वरचे प्रोसेसर पूर्ण कामात ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथेच राहतील, अशाच रीतीने रचलेले आहेत. जितकी उष्णता कूलर वाहून नेईल तितका वेग ते घेतात. पातळ लॅपटॉपमध्येही जड कामाच्या वेळी नव्वदीतले आकडे नेहमीचे आहेत. डेस्कटॉपवर सामान्य कूलर असताना, सलग कामात ८० ते ८५ च्या आत राहणारा प्रोसेसर उत्तम स्थितीत आहे असे मी समजतो. मात्र काहीही काम चालू नसताना डेस्कटॉप प्रोसेसर सत्तरीत असेल, तर कमाल मर्यादा कितीही असो, काहीतरी बिघडले आहे हे नक्की. मग तो कूलर असेल, नाहीतर पाठीमागे गुपचूप चालणारा एखादा प्रोग्राम.

ग्राफिक्स कार्डाचे दोन-तीन आकडे येतात. एनव्हीडियाच्या अनेक कार्डांत सर्वसाधारण तापमानापुढे "हॉट स्पॉट" असतो आणि एएमडीच्या "एज" पुढे "जंक्शन". हे चिपवरच्या सर्वांत तापलेल्या जागेचे तापमान असते, त्यामुळे ते सरासरीपेक्षा १०-१५ अंश जास्त असणे स्वाभाविक आहे. एएमडीच्या बऱ्याच कार्डांत जंक्शनची मर्यादा ११० आहे. या दोन आकड्यांमधले अंतर पंचवीस-तीसवर गेले, तर थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंक यांच्या मधला उष्णता वाहून नेणारा लेप) सरकली किंवा सुकली असल्याची शंका घ्यावी. कार्डाचा पंखा शून्य फेरे दाखवत असेल तर लगेच तो बंद पडला असे मानू नये. बहुतेक नवी कार्डे साधारण पन्नास-साठ अंशांखाली पंखे मुद्दाम थांबवतात.

हार्ड डिस्कची गोष्ट वेगळी, कारण तिथे जीव अडकलेला असतो तो आपल्या माहितीत. बहुतेक डिस्कवर कमाल मर्यादा ६० अंश दिलेली असते. मी ४५ च्या आसपास राहण्याचा आग्रह धरतो. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्या प्रचंड साठ्यातल्या डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यम उष्णतेमुळे डिस्क धडाधड बंद पडतात ही सर्वमान्य समजूत त्यात खरी ठरली नाही. अगदी थंड ठेवलेल्या डिस्कमध्ये उलट बिघाड जास्त आढळले. तेव्हा ४२ अंश पाहून घाबरण्याचे कारण नाही. हे तापमान डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या "स्मार्ट" नोंदी ठेवते त्यांत १९४ क्रमांकाखाली मिळते; तिथे एखादी अवाढव्य संख्या दिसली तर आजचे, किमान आणि कमाल असे तीन आकडे एकाच संख्येत बांधलेले असण्याची शक्यता असते.

एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणारी वेगवान एसएसडी, लिहिण्याच्या मोठ्या कामात सत्तरीला सहज पोचते आणि त्यानंतर स्वतःचा वेग कमी करते. मदरबोर्डवर मिळालेली धातूची पट्टी तिच्यावर बसवली, आणि तिच्या खालचा प्लॅस्टिकचा पापुद्रा काढायला विसरलो नाही, तर हा प्रश्न सहसा सुटतो. प्रोसेसरला वीज देणाऱ्या व्हीआरएमचे भाग शंभरी सहन करणारे असतात, परंतु आसपासच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांसाठी दर दहा अंशांमागे आयुष्य साधारण निम्मे होते असा ठोकताळा आहे. म्हणून तिथली हवा खेळती ठेवणे शहाणपणाचे.

खरोखर तापत असल्याची लक्षणे

मर्यादा गाठताच प्रोसेसर जळून जाईल ही भीती आजच्या यंत्रांना लागू नाही. तो आधी स्वतःचा वेग आणि विद्युतदाब उतरवतो, याला थ्रॉटलिंग म्हणतात. त्यानेही भागले नाही आणि तापमान आणखी वर गेले, तर संगणक एका क्षणात बंद होतो. त्यामुळे तापमानासोबत क्लॉक स्पीड, म्हणजे प्रोसेसर त्या क्षणी चालतो आहे तो वेग, पाहणे अत्यंत आवश्यक आहे. पूर्ण कामात तापमान मर्यादेला टेकलेले आणि वेग प्रोसेसरच्या मूळ वेगाच्याही खाली घसरलेला, ही उष्णतेची निश्चित खूण. तापमान ७० वर असताना वेग घसरत असेल तर कारण बहुधा विजेची ठरवून दिलेली मर्यादा असते. कूलर बदलून तिथे काहीही साध्य होणार नाही. एचडब्ल्यूइन्फो थर्मल थ्रॉटलिंग झाले की नाही हे वेगळ्या ओळीत "येस" किंवा "नो" असे सांगतो. ती ओळ मी सर्वांत आधी पाहतो. अचानक बंद पडण्याच्या बाबतीत घाई करू नये : विंडोजच्या नोंदीतली ४१ क्रमांकाची घटना फक्त "संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला" एवढेच सांगते, आणि पॉवर सप्लायचा दोषही तसाच दिसतो. बंद पडण्याच्या आधीची तापमाने फाइलमध्ये नोंदवत राहिले तरच निवाडा होतो.

तापमान किती चढले यापेक्षा ते कसे चढले, यावरून दोष अधिक नेमका सापडतो. काम सुरू करताच दोन-तीन सेकंदांत प्रोसेसर थेट मर्यादेला भिडला, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नाही असे समजावे. अशा वेळी हीटसिंकच्या बुडाशी, पंख्यापासून बोट दूर ठेवून, हात लावून पाहावा. प्रोसेसर ९८ वर आणि हीटसिंक जेमतेम कोमट, हा प्रकार मी अनुभवला आहे : कूलरच्या चार खुंट्यांपैकी एक नीट अडकली नव्हती आणि कूलर एका कोपऱ्यावर केसाएवढा उचललेला होता. तळाचा पारदर्शक पापुद्रा तसाच राहून गेला किंवा पेस्ट सुकून भुकटी झाली तरी हेच दिसते. पाण्याच्या कूलरचा पंप थांबला तर मिनिटाभरात तापमान वर जाते, आणि पाणी थंड करणारा रेडिएटर थंडच राहतो.

याउलट तापमान दहा-वीस मिनिटे सावकाश चढत राहिले आणि हीटसिंकही चांगले गरम लागले, तर उष्णता हीटसिंकपर्यंत येते पण पुढे बाहेर जात नाही. कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून तीच चाचणी पुन्हा करावी. आकडा आठ-दहा अंशांनी उतरला तर दोष कॅबिनेटमधल्या हवेच्या प्रवाहाचा : समोरची जाळी तुंबलेली, किंवा एखादा पंखा उलट्या बाजूने बसवलेला. आकडा तेवढाच राहिला तर हीटसिंकच्या पात्यांमधली धूळ पाहावी.

उपाय करताना

लॅपटॉपच्या बाबतीत धूळ हा पहिला संशयित. पंख्यावर ती फारशी दिसत नाही. पंखा आणि तांब्याच्या पात्या यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत तिचा नमद्यासारखा जाड पट्टा तयार होतो आणि हवा जवळजवळ बंद होते. बाहेरून फुंकर मारून तो पट्टा निघत नाही, उलट आत घट्ट बसतो. खालचे झाकण उघडून, पंखा सोडवून, तो अखंड पट्टा चिमट्याने ओढून काढला की लॅपटॉपचा आवाज आणि वेग दोन्ही त्याच दिवशी बदलतात. हवेचा झोत वापरताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते.

पेस्ट बदलायची असेल तर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसावी, नवी वाटाण्याएवढी मध्यभागी ठेवावी आणि स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे करून आवळावेत, म्हणजे दाब सर्व बाजूंनी सारखा पडतो.

सगळे स्वच्छ असूनही लॅपटॉप तापतच असेल तर मागची कड दोन-तीन सेंटीमीटर उचलून ठेवावी. खालून हवा ओढणाऱ्या यंत्रांना याने चांगला फरक पडतो. विंडोजच्या वीज-व्यवस्थापनात प्रोसेसरची कमाल अवस्था १०० ऐवजी ९९ टक्के केली की बऱ्याच यंत्रांवर टर्बो (मूळ वेगाच्या वर जाण्याची प्रोसेसरची सोय) बंद होतो आणि तापमान एकदम उतरते. वेग थोडा कमी होतो, पण लिखाण-वाचनासारख्या कामांत तो जाणवत नाही. डेस्कटॉपचा पंखा सारखा वर-खाली ओरडत असेल तर बायोसमध्ये पंख्याचा प्रतिसाद काही सेकंदांनी लांबवावा. तापमानात त्याने फरक पडत नाही, कानांना मात्र आराम मिळतो.

उपायाआधी आणि उपायानंतर तीच चाचणी, तितकाच वेळ करावी, आणि तुलना करताना प्रोसेसरच्या आकड्यातून खोलीचे तापमान वजा करावे. खोली २४ ची ३४ झाली की प्रोसेसरही साधारण दहा अंशांनी वर जातो. ७२ चे ८२ झाले म्हणजे काही बिघडले असे होत नाही, दोन्ही वेळा फरक ४८ च आहे. हा फरक कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एका चिकटपट्टीवर तारखेसह लिहून ठेवावा. पुढच्या खेपेस ४८ चे ५८ झालेले दिसले, की स्क्रूड्रायव्हर काढावा.